दोन बटणांची बाही

"बाही वर कर बाळा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मुलाच्या मनगटावरची बटणं निघता निघेनात. निघतील कशी? शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी, टेलरमास्तरांनी, ती स्वतःच्या हातानं पक्की लावली होती.

पंधरा वर्षांच्या पोरानं ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाहीचे शर्ट मागितले, तेही कफला दोन-दोन बटणांचे. मास्तर खूश झाले. पोराला शेवटी कपड्यातलं कळायला लागलं! त्यांनी चार शर्ट शिवले आणि गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवलेही. दारात माणूस उभा राहिला की त्याचा कुठला खांदा उतरता आहे, ते मास्तर लांबून सांगत. स्वतःच्या मुलाचं माप मात्र जुन्या शर्टावरून घेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाही वर गेली. काही वण जुने होते, काही अजून लाल होते. मुलानं स्वतःच करून घेतलेले. शाळेतल्या सरांनी सांगितलं तेव्हा मास्तरांनी त्यांनाच वेड्यात काढलं होतं. आता ते भिंतीकडे बघू लागले.

डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. "लहानपणी याला घरात मारहाण व्हायची?"

"आजवर एक चापट मारली असेल तर शपथ!" मास्तर ताठ झाले. "दारू नाही, भांडण नाही. काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही."

"रडायचा का फार?"

"विचारू नका! नुसता रडूबाई. तो सहा वर्षांचा असतानाच मी ती खोड मोडली."

"कशी?"

हा किस्सा म्हणजे मास्तरांचा हातखंडा. दुकानात शंभरदा रंगवून झालेला. जीभ सवयीनं सुटली. गुडघा फुटला म्हणून पोरानं भोकाड पसरलं होतं. मास्तरांनी कुणाचा तरी शिवून तयार असलेला झालरीचा फ्रॉक त्याच्या अंगात घातला आणि त्याला कापड कापायच्या टेबलावर उभं केलं. या, या, आमची ताई बघा! गिऱ्हाइकं पोट धरधरून हसली. पोरगा उडी मारून ट्रायलरूमच्या पडद्यामागे लपला. मास्तरांनी पडदा सरकवला. त्यानं तो ओढून घेतला. मास्तरांनी पुन्हा सरकवला.

"तेव्हापासून सांगतो, पठ्ठ्याच्या डोळ्यांत..."

मास्तर थांबले. या जागी दरवेळी हशा पिकायचा. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांचं पेन कागदावर नुसतं टेकलेलं होतं. मुलगा मान खाली घालून स्वतःच्या उघड्या हाताकडे बघत होता. त्याच्या शेजारी बसून, त्याच्या तोंडावर आपण हा किस्सा मजेत सांगत होतो, हे मास्तरांना आत्ता कळलं.

"डोळ्यांत काय?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

"टिपूस आलं नाही," मास्तर पुटपुटले. "नऊ वर्षं झाली."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याची शेखी मिरवली, ती हीच गोष्ट होती. त्यांनी खिशात रुमाल चाचपला. तो सापडायच्या आधीच हुंदका फुटला, तोही चांगला मोठ्यानं. दाराचा पडदा अर्धा उघडा होता. बाहेरच्या बाकावरची दहा-बारा माणसं माना वळवून आत बघू लागली.

मुलगा झटकन उठला. बाही खाली करायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला आणि कड मुठीत घट्ट धरून तिथंच उभा राहिला.

"रडा बाबा," तो म्हणाला. "मी धरलाय. कुणी सरकवणार नाही."