उन्हावरची धूळ

वनमालाने सकाळी पुसलेल्या सौर पॅनेलवर दुपारीच पुन्हा कोळशाची धूळ बसली होती. कोळशाची वीज नको म्हणून तिने हट्टाने उन्हावर घर चालवायला घेतलं, तर खाणीचे उघडे ट्रक कोळसा थेट छपरावर आणून टाकत होते!

वैतागून ती रस्त्यातच उभी राहिली. पुढचा ट्रक करकचून ब्रेक लावत थांबला. चालवत होता तिचाच नवरा.

“बाजूला हो, मागं लाइन लागून राहिली!”

“आधी कोळसा झाका. तुम्ही दिवसभर उडवता अन् मी पुसत बसते!”

चडफडत तो उतरला आणि ताडपत्री बांधू लागला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नचा ठणाणा लावला, तेव्हा नवराच ओरडला, “कायले बोंबलतं बापा? तूही झाक. ही आज कोणालाच सोडत नाही.”