अंगठ्याचं माप

"घट्ट होतंय का?" कारागिराने विचारलं.

"छे! अगदी बरोबर बसलाय," बाबांनीच उत्तर दिलं. अंगठा मात्र मुलीचा होता.

बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत हा कारागीर तीस वर्षं जड बॉलला बोटं घालायची भोकं पाडून देत आला होता. त्याचा नियम एकच: माप ज्याचा अंगठा त्याने सांगायचं, आणि तेही दोन डाव खेळून आल्यावर, कारण खेळता खेळता अंगठा फुगतो. पण बाबा पडले जुने दोस्त, त्यातून जुने विजेते. त्यांच्यापुढे नियमाची डाळ कुठली शिजायला!

बॉलही बाबांचाच. सांधे सुजत गेले तसतसं मोठं करत नेलेलं आपलं भोक त्यांनी काल बुजवून घेतलं आणि त्या जागी स्वतःचं विशीतलं माप पाडायला लावलं. "हिचा हात म्हणजे हुबेहूब माझा हात," हे त्यांचं म्हणणं. खरं तर मुलीचा अंगठा आईवर गेलेला, चांगला जाडजूड. पण बाबांना सांगणार कोण?

मुलीला तर खेळच सोडायचा होता. दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. आज काय वाट्टेल ते होवो, सांगायचंच, असं ठरवून ती घरून निघाली होती. बाबांनी क्लबच्या दारातच तो बॉल तिच्या हातात ठेवला आणि सांगायचं राहूनच गेलं.

"हात झुलवून बघ जरा," कारागीर म्हणाला.

तिने झुलवला. बॉलच्या वजनाने अंगठा आपसूक सुटायला हवा होता. तो जागचा हलला नाही. तिने पिळून पाहिलं, ओढून पाहिलं. सांध्यापाशी गच्च अडकला होता. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बाबा दार उघडून बाहेरच्या मंडळींना ओरडून सांगत होते, "यंदाच्या स्पर्धेत माझी मुलगी उतरतेय! माझ्याच बॉलने!"

कारागीर जवळ सरकला. "सुटत नाहीये ना? साबणाचं पाणी लावून काढू आणि भोक मोठं करू. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त तू त्याला सांग. माझं तो ऐकायचा नाही."

तिने बाबांच्या पाठीकडे पाहिलं. ते रुमालाने डोळे पुसत होते. तिला राग आला, आणि तो स्वतःचाच आला.

"नको काका," ती म्हणाली. "बरोबर आहे."

बाबा वळले. मुलगी बॉल छातीशी धरून उभी होती, दुसरा हात त्याच्याखाली आधाराला.

"बघितलंस?" बाबा कारागिराला म्हणाले. त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. "खाली ठेवायलाच तयार नाही!"