नेटच्या पलीकडचा मोइदू

बॉल कुंपणावरून उडाला आणि सहदेवनच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. मागोमाग मैदानावरून मोइदूचा आवाज आला.

"सहदेवा! बॉल फेकायला तरी उठशील का, की त्यालाही बायकोच लागते?"

पोरं हसली. मोइदू रोज संध्याकाळी असंच काहीतरी ओरडायचा. केरळातल्या वडकरा भागातल्या त्या गावात व्हॉलीबॉल नसलेली संध्याकाळ नव्हती, आणि तरुणपणापासून हे दोघे नेटच्या दोन बाजूंना. सहदेवन आपल्या गड्यांना हाणायला बॉल नेटवर उचलून द्यायचा. मोइदू हाणायचा.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि सहदेवनने मैदान सोडलं. "हिंडा, झेपेल तेवढं खेळा. बसून राहिलात तर जास्तच गळून जाल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंगात त्राण नाही, असं तो सगळ्यांना सांगे. ते खोटं नव्हतं, पण निम्मंच होतं. शौचाची वाट आता पोटावर चिकटवलेल्या पिशवीत उघडत होती. चारचौघांत ती सुटली तर? वास आला तर? हे फक्त बायकोला, विलासिनीला, ठाऊक होतं.

"आज बरं वाटतंय ना? मग जा," ती दारातून म्हणाली. "एकदाचं तोंड बंद करून या त्या मेल्याचं."

सहदेवनने बॉल उचलला. फेकायला हात वर नेला, खाली आणला आणि फाटक उघडून चालू लागला.

"सहदेवेट्टन आले! दादा आले!" पोरांनी कल्ला केला. पंच पवित्रनने नव्याने शिट्टी फुंकली. पहिला बॉल औषधाने बधिर झालेल्या बोटांतून निसटला. दुसरा वाकडा गेला. तिसरा मात्र नेटवर असा अलगद तरंगला की त्याच्या बाजूच्या पोराने नुसता हात फिरवला आणि धाड! मैदान दणाणलं. सहदेवनला धाप लागली होती, आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

गुण बरोबरीत आले. मोइदूने फसवून बॉल नेटलगत टाकला. सहदेवन झेपावला, मातीत लोळला, मुठीने बॉल वर काढला. पोराने तो पलीकडे आपटला. पॉइंट! लोक बेभान झाले.

तेवढ्यात त्याला पोटाशी ओल जाणवली.

सदऱ्यावर डाग पसरत गेला. वास सुटला. ओरडणारे एकेक करून मागे सरकले. कुणी मान फिरवली. सहदेवन दोन्ही हातांनी पोट झाकून तसाच मातीत बसून राहिला.

मोइदू नेटखालून वाकून आला. आता हा काय बोलणार, या भीतीने सहदेवनने डोळे मिटून घेतले.

"घामाने कड सुटते," मोइदू म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वरून पट्टा आवळायचा असतो, वेड्या."

त्याने आपली जर्सी वर केली. रुंद पट्ट्याखाली तशीच पिशवी होती.

पवित्रनच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

"कधीपासून?" सहदेवनने कसंबसं विचारलं.

"मधे मी दुबईला गेलो होतो ना? कसली दुबई! हॉस्पिटलात होतो. त्यानंतर तुम्हाला जितक्यांदा हरवलं, ते हिच्यासकट."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू ढगळ सदरे घालायला लागलास तेव्हाच ओळखलं होतं. रोज बोलायचं ठरवायचो. तोंडातून टोमणाच निघायचा. सदरा वर करायची छाती नव्हती रे." त्याने सहदेवनच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. "धुऊन ये. सर्व्हिस तुमची आहे, आम्ही थांबतो. आणि ऐक, दया-माया विसर. पुढचा बॉलही मी तिथेच टाकणार आहे."