अंगठ्याखालची ओळ

ढुंढिराज गुरुजींना या सौद्यात एकच गोष्ट मिळणार होती, पण ती मोठी होती: माडीवरच्या एकशे बारा वह्यांचं स्कॅनिंग. सात पिढ्यांच्या यजमानांच्या वंशावळी, ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात. आणि दर पावसाळ्यात कसर त्यातलं एखादं घराणं निर्वंश करत होती. बदल्यात द्यायचं काय, तर एका ओळीवर दोन मिनिटं अंगठा.

"तिकडे सगळा सोयरिकीचा मामला आहे, गुरुजी," कॅमेरा लावता लावता धवल म्हणाला. तो मयुरेशच्या अमेरिकेतल्या निवडणूक प्रचाराचे व्हिडिओ करायचा. "मयुरेश सरांचे सासरे सिनेटर, मेहुणी मेयर, मेहुणीचा सासरा न्यायाधीश. म्हणून विरोधक म्हणतात, अमेरिकेत उभा राहिलाय घरजावई. रक्तातलं काय ते दाखवा."

"म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखंच की."

"फरक एवढाच, तिकडे घराणेशाही म्हणत नाहीत. परंपरा म्हणतात."

रक्तातलं पान समोर उघडं होतं. वर मयुरेशच्या पणजोबांनी स्वतः लिहिलं होतं: सभासद, नाशिक नगरपालिका. ते जगाला दाखवायचं होतं. चार ओळी खाली मयुरेशच्या वडिलांचं अक्षर, परदेशी जाण्याआधीचं: पत्नी सौ. लंकाबाई, कन्या साधना. मयुरेशची आई वेगळी, आणि वडिलांचं हे पहिलं लग्न कागदोपत्री कधी मोडलंच नव्हतं. ते दाखवायचं नव्हतं.

"कॉम्प्युटरवर पुसून टाका ना," गुरुजींनी म्हणून पाहिलं.

"पुसलेलं पकडतात, गुरुजी. अंगठा कोणी पकडत नाही."

तेवढ्यात साधनाताई दारात आल्या. अकराची वेळ गुरुजींनीच दिली होती आणि तेच विसरले होते. पंधरवड्यापूर्वी लंकाबाई वारल्या; अस्थी गोदावरीत सोडून झाल्या होत्या. वहीत त्यांच्या नावापुढे तिथी लिहायची होती. आपली आई त्या घरात नांदली होती, याचा साधनाताईंकडे दुसरा कागद नव्हता.

धवलने त्यांना खुणेनंच भिंतीशी बसवलं. फोनच्या पडद्यावर मयुरेश आला.

"नमस्कार गुरुजी. आणि त्या मागे बसल्यात त्या मावशींनाही नमस्कार."

साधनाताईंनी हात जोडले. पडद्यावरचं पुढे आलेलं कपाळ आणि भिंतीशी बसलेलं कपाळ एकाच साच्यातलं. ओळख करून द्यायला एक वाक्य पुरलं असतं. गुरुजींनी त्याऐवजी शेजारच्या पाण्याच्या वाटीत अंगठा बुडवला. वह्यांना उष्टं बोट चालत नाही, म्हणून पानं उलटायला ती वाटी. हाताची चाळीस वर्षांची सवय. पान सारखं केलं आणि ओला अंगठा ओळीवर दाबून धरला. दोन मिनिटांची पाच झाली. पणजोबांचं अक्षर वाचताना गुरुजींचा आवाज असा काही लागला होता, की धवलने मध्येच मान डोलावली. भिंतीकडे मात्र गुरुजींनी एकदाही पाहिलं नाही.

धवल सामान आवरून गेला. साधनाताई पुढे येऊन बसल्या.

"तुम्ही उगाच घाबरलात, गुरुजी. मी त्याला काही बोलणार नव्हते. तिथी लिहून जाणार होते."

गुरुजींनी तोवर ओळीवरच राहिलेला अंगठा उचलला.

या वहीत सगळे गुरुजींच्या दौतीतल्या काळ्या शाईनं लिहीत आले होते. ती पाण्याला दाद देत नाही. मयुरेशच्या वडिलांनी तेवढं ऐटीत खिशातलं पेन काढलं होतं, निळ्या शाईचं. 'कन्या साधना' अंगठ्याच्या कोरड्या बुडाखाली शाबूत राहिली होती. तिच्या आधी, लंकाबाईंच्या नावावर, नुसता डाग होता.

मयुरेशला पणजोबा मिळाले होते, एकशे बारा वह्यांचं मरण टळलं होतं. जी बाई या व्यवहारात कुठेच नव्हती, तिच्याकडून वसुली झाली होती.

निळा अंगठा मुठीत लपवून गुरुजी उठले आणि मोरीकडे वळले.

"धुऊ नका," साधनाताई म्हणाल्या. "आईला गेल्याच आठवड्यात एकदा पाण्यात सोडलंय."