वाकडा माड

माझे धाकटे दीर जहाजावर लाँड्रीत कामाला. दर महिन्याला एका बेटावरून त्यांचा फोटो यायचा, मागे निळा समुद्र आणि तोच एक वाकडा माड. इकडे भांडी घासता घासता माझा नुसता जळफळाट व्हायचा. "कामाला गेलेत की हवा खायला? त्यांची तर तिथे जागासुद्धा ठरलेली," असं ऐकवून ऐकवून शेवटी मी नवऱ्याला त्याच जहाजाची तिकिटं काढायला लावली.

बेट आलं तशी मी नवी टोपी घालून तयार झाले. भाऊजी जिन्यापाशीच भेटले, हातात चादरींचं हे एवढं गाठोडं. म्हटलं, "चला, आज तुमच्या त्या माडाखाली माझाही फोटो काढा."

ते ओशाळून हसले. "मी कसला उतरतोय, वहिनी. लोक बेटावर गेले की सगळ्या खोल्यांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. सहा वर्षं हेच चाललंय."

"मग तो माड?"



"तो लाँड्रीच्या भिंतीवर चिकटवलाय. खाली दुकानात तसलंच मोठं चित्र मिळालं तर आणा, जुन्याचा फाटका कोपरा आता फोटोत दिसायला लागलाय."