पाणी प्यायल्याचा फोटो

तिसऱ्या फोटोतही बाटलीतलं पाणी तेवढंच होतं.

अंकिताने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पाणी लेबलाच्या खालच्या कडेला. काल सकाळच्या फोटोत तिथंच, काल दुपारच्या फोटोत तिथंच, आजच्या फोटोतही तिथंच. बाटली धरलेल्या हातावरचं गोंदण सासूबाईंचं, हरणाबाईंचं, यात शंका नव्हती. बाई जैसलमेरच्या वाळवंटात होती, बाहेर चव्वेचाळीस अंश होतं, आणि पोटात घोटभरही पाणी गेलं नव्हतं.

हरणाबाई मैत्रिणींबरोबर गेल्या होत्या. तानुबाई, सुलाबाई आणि त्या, तिघी वडूजच्या भजनी मंडळातल्या. तानुबाईंनी मोबाइलवर कुठलं तरी रिसॉर्ट बघितलं होतं. वाळू, उंट, तंबूत एसी. त्यांच्या मुलानं विमानाची तिकिटं काढून दिली. गावात सगळे हसले. वडूजच्या माणसानं ऊन बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, ते तर दारातच पडलेलं असतं. तानुबाई म्हणाल्या, दारातल्या उन्हात भांडी घासायला लागतात.

हरणाबाईंचा पाय मात्र निघत नव्हता. नातू शिवतेज अडीच वर्षांचा. दुपारी झोपायचा तो फक्त आजीच्या मांडीवर. दुपारची झोप झाली नाही तर संध्याकाळी त्या घरात कुणाचं काही चालायचं नाही. अंकिताने छातीठोकपणे सांगितलं, आत्या, तुम्ही जावा, माझ्याजवळ झोपेल तो. सासूला ती आत्या म्हणायची. ह्या बाईचं सगळं आयुष्य मेंढरांमागं आणि शेतात गेलं होतं, मजेसाठी म्हणून एक मुक्काम कुठं केला नव्हता. ते तर होतंच. पण अजून एक होतं, ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पोराची आई ती होती. पोराला झोपवता तिला आलं पाहिजे होतं.

मग फोटोंचं ठरलं. तिकडून पाणी प्यायल्याचा, इकडून पोर झोपल्याचा. झोपला नाही असं दिसलं तर तशीच उठून येईन, असं हरणाबाईंनी गाडीत चढताना सांगितलं होतं. त्या येतील, याची अंकिताला खात्री होती.

शिवतेज एकदाच झोपला. आजी गेली त्या शुक्रवारी, रडून रडून दमल्यावर. अंकिताने लगेच वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले, एक पाठवला आणि बाकीचे ठेवून दिले, ते बरं केलं. शनिवारी त्याने झोपेच्या वेळेला पिठाचा डबा सांडला आणि त्यात बसला. आज बापाच्या हेल्मेटमध्ये बटाटे भरले, मग त्यावर ताक ओतलं. अंकिताने शनिवारी डावीकडून काढलेला फोटो पाठवला, आज पायाकडून काढलेला. खाली लिहिलं, शहाण्यासारखा झोपला. दोन्ही वेळा तिकडून अंगठा आला.

आता ती फोन लावायला निघाली तेव्हा नवरा, जयराज, हेल्मेट धूत होता. तो म्हणाला, तू पण तेच करतीस, मग कुठल्या तोंडानं विचारणार आहेस. अंकिता म्हणाली, माझं वेगळं आहे, माझ्या फोटोनं कुणाला ऊन लागत नाही.

हरणाबाई पडद्यावर आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, आणि डोळ्यांवर कुणाचा तरी काळा चष्मा. मागं सुलाबाई एसीच्या बरोबर समोर पाय पसरून बसल्या होत्या. अंकिताने श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. उन्हात अंगातलं पाणी कसं कमी होतं, चक्कर कशी येते, साखर-मिठाची पाकिटं पिशवीत कुठल्या कप्प्यात ठेवली आहेत. हरणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाटलीतल्या पाण्याला वास येतो म्हणून आपण इथल्या माठातलं पितो, चांगलं तांब्यातांब्यानं पितो, असं त्या म्हणाल्या. फोटो सारखे कोण काढणार, म्हणून तानुबाईंनी काल सकाळीच एकदम काढून ठेवले होते.

अंकिताचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच राग आला.

"म्हणजे आत्या, मी इकडं काळजीनं अर्धी झाले आणि तुम्ही मला फसवत होता."

हरणाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"तीट रोज आंगुळीनंतर नवी लावत्यात गं. तुझ्या तिन्ही फोटूत तीच हाय, खालनं शेपूट फुटल्याली. पोरगं शुक्रवारपास्नं झोपल्यालं न्हाई, व्हय का न्हाई?"

अंकिताच्या मागं स्वयंपाकघरात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. जयराज तिकडं पळाला. अंकिताला एकदम रडू यायला लागलं. तिनं कबूल केलं. झोपत नाही, मांडीवर घेतलं तर चावतो, गाणं म्हटलं तर तोंडावर हात ठेवतो. पण तुम्ही लगेच निघू नका, उद्या तर येणारच आहात, आजचा दिवस मी काढते, असं तिनं हात जोडून सांगितलं. मग तिला वाटलं, यांना आत्ता आत्ताच कळलेलं दिसतंय, नाहीतर एव्हाना रस्त्यात असत्या.

"तुमच्या कधी लक्षात आलं?"

"कालच."

"काल? मग निघाला का नाही?"

हरणाबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"पिशवी भरली व्हती की. तेवढ्यात दारात उंट यून बसला. नातू काय, घरातच हाय. उंट परत कवा बसतोय आपल्या दारात?"