बेवारस मशिनं

"एकही तक्रार नाही?" यशराजने विचारलं.

"अजून तरी नाही, सर," उन्नती म्हणाली.

तिच्या समोरच्या काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांच्या ओळी थांबल्या होत्या. कंपनीने क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने, घेतलेली मशिनं वर्षानुवर्षं वाढत गेली होती. कुणी चाचणीपुरतं सुरू केलेलं, कुणी नोकरी सोडताना तसंच चालू ठेवलेलं. उन्नतीने एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. मशीनला मालकाचं नाव लावलेलं आहे का ते बघायचं, आणि नसेल तर मशीन कायमचं काढून टाकायचं. शुक्रवारी तिने स्क्रिप्ट नुसती काय काय जाईल ते दाखवण्यापुरती चालवली, त्यावरून नजर फिरवली, आणि रविवारी खरीखुरी चालायला लावली.

"अपवाद कुणालाच नाही ना?"

"नाही. तुमचं मशीन असतं तरी गेलं असतं."

"बाप रे! तुला टरकूनच राहायला पाहिजे," असं म्हणून यशराज हसत निघून गेला.

शेजारच्या जागृतीने खुर्ची मागे ढकलली. "चल, चहा पाजते. छत्री नको घेऊस, उलटी होईल. पहाटे पान हलत नव्हतं आणि आता बघ. पुलावर बाईकवाले अक्षरशः रांगतायत."

उन्नतीने खिडकीबाहेर पाहिलं. खाडीकडच्या कांदळवनाचे शेंडे एका बाजूला झोपले होते. नारळी पौर्णिमा परवाच झाली होती, म्हणजे पाण्याला उधाण. असं उधाण आणि असा वारा एकाच दिवशी यायचा असला, की पहाटेच तिच्या फोनवर मेसेज येतो.

आज आला नव्हता.

तो मेसेज तिचीच दुसरी एक स्क्रिप्ट पाठवायची. तिने ती वडिलांसाठी लिहिली होती. आप्पांचं सगळं आयुष्य बोनकोड्याच्या खाडीत होडी घालण्यात गेलं. दोन पावसाळ्यांपूर्वी अचानक उठलेल्या वाऱ्यात त्यांची होडी उलटता उलटता वाचली. तेव्हा उन्नतीने कंपनीच्याच खात्यात एक लहानसं मशीन सुरू केलं. ते रोज पहाटे भरतीची उंची आणि दिवसभराच्या वाऱ्याचा अंदाज बघायचं. दोन्ही धोक्याचे असले, तरच आप्पांना आणि तिला मेसेज जायचा: आज खाडीत जाऊ नका. एरवी काहीच नाही. कमांड लिहिणाऱ्यांची रीतच ती. सगळं ठीक असेल तर गप्प बसायचं. रोज 'ठीक आहे' आलं तर माणूस वाचायचंच सोडून देतो.

"मेसेज नाही आला, तर बिनधास्त जा," तिने आप्पांना समजावून सांगितलं होतं.

"मंग या फोनचा आवाज मोठा करून दे. चार मानसांना आयकू गेला पायजे," आप्पा म्हणाले होते. लेकीचं कौतुक मिरवायचंय, असं वाटून ती हसली होती.

घरचं काम कंपनीच्या खात्यात चालवतेय, कुणी विचारायला नको, म्हणून त्या मशीनला तिने नाव दिलं नव्हतं. मालकही लावला नव्हता.

तिने कमांड लिहिली. एका ओळीत उत्तर आलं. असं मशीन अस्तित्वात नाही.

तिने आप्पांना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. तिने आईला फोन लावला.

"आई, आप्पा कुठायत?"

"कुठं असनार? धक्क्यावर. पहाटंच गेलं," वेणूबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, च्या तरी घ्या. तर म्हनतात, लोकं खोलंबली असतील. जसा काय मोठा सायेबच! तू का गो इचारतेस?"

"काही नाही. ठेवते."

रिक्षा घणसोलीच्या सिग्नलला अडकली. शुक्रवारी पडद्यावर एक लांबलचक क्रमांक दिसला होता, हे तिला आता आठवलं. नजर त्यावरून घसरून पुढे गेली होती. त्या जागी 'आप्पा' एवढं एक नाव असतं, तर थांबली असती. रोज दोन शब्द पाठवले असते, तर आज ते न आल्याचं त्यांच्याही लक्षात आलं असतं. लोकांच्या विसरलेल्या गोष्टी शोधण्यात तिने आठवडा घालवला होता. स्वतःची विसरलेली गोष्ट तिला सुचलीसुद्धा नाही.

"दादा, जरा जोरात घ्या ना."

"ताई, समोर डंपर आहे. उडून जाऊ का?"

धक्क्याकडच्या वळणावर ती उतरली आणि पळत सुटली. वारा समोरून लोटत होता, पाणी पायऱ्यांवर चढलं होतं.

दगडी कठड्यावर आप्पा बसले होते. पाठमोरे, टोपी हाताने दाबून धरलेली.

ती जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला टेकली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

"काय झाला गो? हापिसातून आलीस?"

"फोन का नाही उचललात?"

"या वाऱ्यात काय आयकू येतंय?"

"आप्पा, चूक झाली माझी. ते मशीन मीच काढून टाकलं. आज मेसेज यायला हवा होता. धोक्याचा. तुम्ही होडी घेऊन गेला असतात तर..."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता.

"मी कुठचा जातो? गुडगं गेलं माजं. पाडव्यापासून होडीत पाय नाय ठेवला. तुला नाय सांगलं. म्हनलं, तू मेसेज बंद करशील."

"मग रोज पहाटे इथे कशाला येता?"

आप्पा पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. धक्क्याला एकही होडी बांधलेली नव्हती.

"सगली होडीवाली मलाच इचारून जातात, पोरीचा मेसेज हाय का," ते म्हणाले. "आज मीच सांगला सगल्यांना. नाय आला, जा बिनघोर."